पंचांत तुमचं नाव

पहाट आहे. सावित्री नदीवरचं धुकं अजून उठलेलं नाही आणि तुमच्या अंगणात काठी वाजते. दाराशी गावचा महार उभा आहे. "पाटीलबाबांनी बोलावलंय. आज गोत बसतंय, पंचांत तुमचं नाव आहे." एवढं सांगून तो पुढच्या घराकडे वळतो.

साल 1676. रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक होऊन दोन वर्षं झाली आहेत. तुम्ही पोलादपूरजवळच्या एका वाडीतले कुणबी. फडक्यात नाचणीची भाकरी बांधता, घोंगडी खांद्यावर टाकता आणि निघता. तंटा शिवेचा आहे. ओढ्याकाठचा वरकस जमिनीचा एक पट्टा दोन गावं आपापला म्हणतात.

देवळापुढे देशमुख, देशपांडे, आसपासचे पाटील, बलुतेदार जमले आहेत. हेच गोत. आधी दोन्ही गावांकडून राजीनामा लिहून घेतात. आज नोकरी सोडताना देतात तो राजीनामा नव्हे. गोत जे सांगेल त्याला आम्ही राजी, हा त्याचा अर्थ. मग दोन्ही गावांच्या तकरिरी, म्हणजे जबान्या, होतात. तुमच्या हातात बेल-भंडार येतो. खोटं बोललात तर पूर्वज नरकात जातील, असं तुम्हाला बजावतात.

तुमच्या पोटात गोळा आला आहे, कारण त्या दोन गावांपैकी एकात तुमची आत्या दिली आहे. तिच्या घरचा भात तुम्ही खाल्ला आहे. पण इथे पंच परका नसतोच. त्याला माणसं ठाऊक असतात, बांध ठाऊक असतात, म्हणूनच त्याला बोलावतात. त्या ओळखीचं ओझं त्याने स्वतः पेलायचं.

दोन्ही बाजूंचं ऐकून घेतल्यावर सगळे उठतात आणि त्या महाराच्या मागून चालू लागतात. गावाची शीव त्याच्याइतकी कोणाला माहीत नाही. शपथ घेऊन तो पुढे चालतो, करवंदीच्या जाळ्या काठीने बाजूला सारतो, एका अर्धवट पुरलेल्या धोंड्यापाशी थांबतो. पायाने माती उकरतो. "ही शीव." कोणी काही बोलत नाही. तुम्ही वाकून धोंड्याला हात लावता. तो खोलवर रुतलेला आहे, काल-परवा कोणी आणून ठेवलेला नाही.

आत्याचं गाव हरतं. महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहिला जातो, हजर असलेल्यांची नावं त्यात उतरतात. तुम्हाला अक्षर येत नाही, म्हणून तुमच्या नावापुढे नांगर काढतात. जिंकलेलं गाव सरकारात हरकी, म्हणजे जिंकल्याचा नजराणा, भरणार, हरलेलं गुन्हेगारी, म्हणजे दंड. तुम्ही घरी जाताना आत्याच्या गावावरून जाणारी वाट टाळता.

आता अडीचशे वर्षं पुढे या. 20 मार्च 1927, महाड. ज्याच्या शब्दावर गावांच्या शिवा ठरत होत्या, त्याचे वंशज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागे चवदार तळ्याकडे चालले आहेत. तुम्ही बाजारपेठेतल्या एका ओट्यावर उभे आहात. ते पाणी पितात. थोड्या वेळाने त्यांच्यावर लाठ्या पडतात. वर्ष संपायच्या आत सवर्णांपैकी काही जण महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावतात की तळं खाजगी आहे आणि अस्पृश्यांना तिथे जायचा हक्क नाही. दावा महाडहून ठाण्याला जातो, ठाण्याहून मुंबई हायकोर्टात. 17 मार्च 1937 ला हायकोर्ट अस्पृश्यांच्या बाजूने निकाल देतं. दिवाणी दावा असल्यामुळे निवाडा न्यायाधीशांनीच केला, पंच कुठे नव्हते. आणि मी मनापासून सांगतो, त्या वेळी महाडच्या प्रतिष्ठितांतून पंच निवडले असते तर मला निकालाची धास्ती वाटली असती. पंच चांगले की वाईट हे विचारण्याआधी त्यांची यादी कोणी केली ते विचारावं लागतं. 1908 मध्ये टिळकांच्या खटल्यात ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. 'केसरी'तले मराठी लेख त्यांच्यापुढे इंग्रजी भाषांतरातून गेले. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले. तेव्हा गिरणीत राबणारा पोलादपूरचा एखादा गडी ते लेख कोणाकडून वाचून घेत असेल. त्याला त्यांतला शब्दन् शब्द कळत होता, पण तो त्या यादीत येणं शक्यच नव्हतं.

साल 1938. आता यादीत तुम्ही आहात. पोलादपुरात तुमचं किराणा दुकान आहे, वय चाळीस. सेशन्स जज्ज आणि कलेक्टर मिळून यादी करतात. तीत 21 ते 60 वयाचे पुरुषच. बायकांचं नाव नाही. शिपाई समन्स देतो. तुम्हाला असेसर म्हणून, म्हणजे जज्जाला आपलं मत सांगणारा पंच म्हणून, हजर राहायचं आहे, चुकलात तर शंभर रुपयांपर्यंत दंड. शंभर रुपयांत दुकानाचा सगळा माल येईल. मुलाला गल्ल्यावर बसवता आणि दासगाव बंदराची वाट धरता.

कोर्टात तुमच्यासारखे आणखी दोघे-तिघे. खटला खुनाचा. साक्षी मराठीत होतात, जज्जसाहेब इंग्रजीत लिहून घेतात. पुढे टेबलावर कोयता ठेवला आहे. मूठ घासून गुळगुळीत झालेली, पातं मधे झिजलेलं. असाच कोयता तुमच्या माळ्यावर आहे. आरोपी तुमच्याकडे बघत नाही, तो त्या कोयत्याकडे बघतो. साक्षीदार म्हणतो, अमावस्येच्या रात्री वीस पावलांवरून तोंड ओळखलं. तुम्हाला आपल्या वाडीतल्या अमावस्येचा काळोख माहीत आहे. तिथे स्वतःचा हात दिसत नाही.

शेवटी साहेब एकेकाला मत विचारतात. तुम्ही उठता. घसा कोरडा पडलेला. "माझ्या मते दोषी नाही." साहेब लिहून घेतात. असेसरचं मत त्यांना बांधून ठेवत नाही, ते उलट निकाल देऊ शकतात. तरी काळोखाची गोष्ट त्या खोलीत तुमच्याखेरीज कोणी बोलणार नव्हतं.

फौजदारी कायद्यातल्या 1955 च्या दुरुस्तीने असेसर गेले. 1959 च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष म्हटलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, हायकोर्टाने जन्मठेप दिली. 1973 च्या फौजदारी संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. पारशी विवाह न्यायालयांत मात्र समाजातले प्रतिनिधी अजून न्यायाधीशांबरोबर बसतात.

तुम्ही आता आजच्या महाडात आहात. जुलै 2021 च्या पुराचा चिखल ज्याने घरातून उपसला, त्याला पंचनामा म्हणजे काय ते सांगायला नको. पोलीस झडती घेतात तेव्हाही कायद्याला त्याच भागातले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी लागतात. कारण नसताना नकार देणं गुन्हा आहे. आता झडतीचं चित्रीकरणही करावं लागतं. पण पंचाची सही सुटलेली नाही. निवाड्याचा अधिकार गेला, साक्षीचा राहिला.

तुमचा फोन वाजतो. "जरा येता का? पंच म्हणून सही पाहिजे. पाच मिनिटांचं काम." कागद पुढे येतो. वर मजकूर थोडा, खाली बरीच जागा कोरी. माल जप्त झाला म्हणतात तो तुम्ही अजून पाहिलेला नाही.

जा. जायलाच हवं. पण आधी माल दाखवा म्हणा, मोजा, वजन आपल्या डोळ्यांनी बघा. मजकूर पहिल्या ओळीपासून वाचा आणि कोरी जागा आडवी रेघ मारून बंद करायला लावा. त्या कागदावर कोणीतरी तुरुंगात जाणार आहे किंवा सुटणार आहे. धोंड्याला हात लावून बघितल्याशिवाय सही करू नका.