गिटारला कंठ फुटला तेव्हा

मराठीत ‘स्वर’ हा शब्द वैयाकरण आणि गवई दोघेही वापरतात, आणि दोघांच्याही मनात श्वासाचीच कल्पना असते. व्यंजन म्हणजे मुखातला क्षणभराचा अडथळा. स्वर म्हणजे अडथळ्यावाचून वाहणारा, हवा तेवढा लांबवता येणारा ध्वनी. या दृष्टीने पाहिले तर गिटार हे व्यंजनप्रधान वाद्य ठरते. तार छेडली की एक खटका उमटतो आणि त्यामागून येणारा नाद लगेच विरू लागतो. बासरीवादक फुंकर चालू ठेवून सूर धरतो, सारंगीवादक गज ओढून धरतो; गिटारवादकाच्या हाती मात्र छेडल्यानंतर फारसे काही उरत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इलेक्ट्रिक गिटारची ही उणीव दोन उपकरणांनी पुष्कळशी भरून काढली. कंप्रेसरने सूर लांबवला, आणि वाह पेडलने त्या सुराला मुखाचे आकार दिले. (या ‘वाह’चा आपल्या दाद देण्याच्या ‘वाहवा’शी संबंध नाही, तो केवळ ध्वनीचे अनुकरण करणारा शब्द आहे.) तंत्राच्या इतिहासात ही उपकरणे ‘इफेक्ट’ म्हणून नोंदली जातात. आम्हांला ती फुंकून वाजवण्याच्या वाद्यांकडून गिटारने काढलेले कर्ज वाटतात. त्या कर्जखात्यावर सगळ्या धनकोंची नावे पडलेली नाहीत, हे येथे दाखवायचे आहे.

वाहचा उगम गिटारमध्ये नाही. १९२० च्या दशकात जॅझमधल्या कृष्णवर्णीय वादकांनी ट्रम्पेटच्या तोंडावर झाकण उघडमीट करून त्यातून बोलका आवाज काढण्याची कला वाढवली. किंग ऑलिव्हर यांचे नाव त्यात अग्रभागी येते. पुढे ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात ट्रम्पेटवादक बबर मायली आणि ट्रॉम्बोनवादक ‘ट्रिकी सॅम’ नॅन्टन यांनी, तुंबलेले सिंक मोकळे करण्यासाठी वापरतात तसली साधी रबरी वाटी हाती घेऊन, वाद्याला रडायला, गुरगुरायला आणि थट्टा करायला लावले. ओठ आणि तळहात मिळून येथे दुसरे मुखच तयार होई. पण या शैलीची लोकप्रिय ओळख झाली ती क्लाइड मॅकॉय या गोऱ्या ट्रम्पेटवादकामुळे. १९३१ साली त्यांनी ध्वनिमुद्रित केलेले ‘शुगर ब्लूज’ अफाट गाजले. ती रचना क्लॅरेन्स विल्यम्स या कृष्णवर्णीय संगीतकाराची होती.

यानंतर पस्तीस वर्षांनी, १९६६ च्या अखेरीस, कॅलिफोर्नियातील थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट या तरुण अभियंत्याकडे एक अगदी रुक्ष काम आले. व्हॉक्स ॲम्प्लिफायरमध्ये मध्यम पट्टीतला आवाज उठावदार करणारा एक महागडा स्विच होता. त्याच्या जागी स्वस्त फिरते बटण बसवायचे होते. परिपथ जुळवून बटण फिरवले तेव्हा लक्षात आले की उठावाचे शिखर एका जागी न राहता सरकते आहे, आणि त्यासरशी गिटार जणू तोंड उघडते-मिटते आहे. मग हा परिपथ ऑर्गनच्या आवाजाच्या पेडलमध्ये बसवण्यात आला, म्हणजे हात वाजवण्यास मोकळे राहिले. फेब्रुवारी १९६७ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला. १९७० मध्ये प्लंकेट आणि लेस्टर कुशनर यांच्या नावे ते मंजूर झाले.

या ध्वनीने तोंडाची आठवण का व्हावी, याचे उत्तर शंभर वर्षे आधी मिळालेले होते. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ च्या आपल्या ग्रंथात दाखवले होते की ‘आ’ आणि ‘ऊ’ यांतला भेद मुखाच्या पोकळीत कोणता कंपनपट्टा घुमतो यावर ठरतो. कंठातला मूळ सूर तोच राहिला तरी चालते. वाह पेडल नेमके हेच करते. सुमारे ४५० ते १६०० हर्ट्झ या टापूत ते एक शिखर वरखाली सरकवते. टाच दाबली की ‘ऊ’च्या अंगाचा बंद ध्वनी, चवडा दाबला की ‘आ’-‘ॲ’कडे झुकणारा उघडा ध्वनी. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर वाह हे पायाने केलेले उच्चारण आहे.

कंपनीच्या चालकांना मात्र आपण काय घडवले याचा पुरता अंदाज नव्हता. विजेची जोडणी केलेल्या ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाल्यांना ते विकावे असा त्यांचा विचार होता, म्हणून पेडलवर नाव पडले क्लाइड मॅकॉय यांचे. डेल कॅशर या गिटारवादकाचा आग्रह होता की हे गिटारचेच उपकरण आहे. वादकांनी निकाल कॅशर यांच्या बाजूने दिला. १९६७ मध्येच एरिक क्लॅप्टन आणि जिमी हेंड्रिक्स यांच्या ध्वनिमुद्रणांत ते ऐकू आले. १९६८ च्या ‘व्हूडू चाइल्ड (स्लाइट रिटर्न)’च्या आरंभी हेंड्रिक्स तारा हाताने दाबून नुसत्या खरवडतो. सूर जवळजवळ नाहीच, फक्त खटके. आणि तरीही पेडल त्या खटक्यांना तोंड देते. व्यंजनांनीच बोलणे सुरू करावे तसा तो प्रकार आहे.

पेडल ‘लावणे’ म्हणजे काय, याची सर्वांत बोलकी हकीकत १९७१ ची आहे. आयझॅक हेज ‘शाफ्ट’ या चित्रपटाच्या संगीतावर काम करत होते. गिटारवादक चार्ल्स पिट्स यांच्या सांगण्यानुसार, ते पेडल तपासत सहज एकाच सुराच्या अष्टकाशी खेळत होते. हेज यांनी ते ऐकले आणि तेच वाजवत राहण्यास सांगितले. सूर बदलत नाही, बदलतो तो फक्त त्याचा उच्चार. जुळवाजुळवच येथे रचना झाली. या गीताला पुढे ऑस्कर मिळाले, आणि तो ध्वनी त्या दशकातल्या कृष्णवर्णीय नायकांच्या चित्रपटांची खूण बनला. याच सुमारास माइल्स डेव्हिस यांनी आपला ट्रम्पेट वाह पेडलला जोडला. ऑलिव्हर-मायली यांच्या हातातून निघालेला आवाज गोऱ्या वादकाच्या नावाने यंत्रात शिरला आणि पाच वर्षांच्या आत कृष्णवर्णीय वादकांनी तो पुन्हा आपला केला. मॅकॉय यांच्या नावाची पाटी लावून कंपनीला जे ग्राहक मिळाले नाहीत, ते हेंड्रिक्स-पिट्स यांच्या वादनाने मिळवून दिले.

कंप्रेसरची कथा याहून मूक आहे, कारण तो उत्तम चालला तर ऐकूच येत नाही. १९३० च्या दशकात आकाशवाणीच्या प्रक्षेपकांवर एकाएकी मोठा आवाज येऊन ध्वनी विदीर्ण होऊ नये म्हणून असली यंत्रे आली. तत्त्व सोपे आहे. एक उंबरठा ठरवायचा. आवाज त्यावर गेला की ठरलेल्या प्रमाणात आवरायचा. चारास एक हे प्रमाण असेल तर उंबरठ्यावर ४ डेसिबल चढलेला आवाज १ डेसिबलच चढतो. मग सगळाच आवाज वर उचलला की खटका दबलेला राहतो आणि विरत जाणारे शेपूट पुढे येते. दाबण्याचे हे यंत्र असे लांबवण्याचे यंत्र होते.

२० जानेवारी १९६५ रोजी हॉलिवूडच्या कोलंबिया स्टुडिओत ‘मिस्टर टॅम्बुरिन मॅन’चे ध्वनिमुद्रण झाले. त्यात रॉजर मॅग्विन यांची बारा तारांची गिटार कंप्रेसरमधून नेली गेली आणि तिचा सूर घंटेसारखा रेंगाळला. पुढच्याच वर्षी ‘एट माइल्स हाय’मध्ये मॅग्विन यांनी जॉन कोल्ट्रेन यांच्या सॅक्सोफोनचे अनुकरण केले, डोळ्यांसमोर होती कोल्ट्रेन यांची ‘इंडिया’ ही रचना. सूर लांबला नसता तर फुंकवाद्याची नक्कल करण्याचे धाडस गिटारला झाले नसते. कोल्ट्रेन स्वतः रविशंकर यांच्या संगीताने भारावले होते. १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव त्यांनी रवी ठेवले. म्हणजे सतारीची प्रेरणा सॅक्सोफोनच्या श्वासात गेली आणि तेथून पुन्हा तारांवर परतली. मात्र स्टुडिओतले ते यंत्र पायाखाली यायला १९७० चे दशक उजाडावे लागले. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरच्या एमएक्सआर कंपनीच्या ‘डायना कॉम्प’ पेडलवर दोनच बटणे होती: एक आवाज किती बाहेर पाठवायचा त्याचे, दुसरे सूर किती आवळायचा त्याचे.

दोन्ही उपकरणे एकत्र लावताना क्रमाचा प्रश्न येतो, आणि तो केवळ तांत्रिक नाही. कंप्रेसर आधी ठेवला तर वाहला घडवण्यासाठी लांब, स्थिर सूर मिळतो. आधी श्वास, मग मुख, हा देहाचाच क्रम. वाह आधी ठेवला तर शिखराशी उसळणारा आवाज मागचा कंप्रेसर सपाट करतो. उच्चार सौम्य होतो, पण त्यातला आवेगही काही अंशी जातो. आवळणे फार झाले की सुराच्या शेपटासह यंत्राची घरघरही वर येते. आवळण्यास किंचित उशीर ठेवला तर खटका शाबूत राहतो. तो गिळला गेला की वाक्यातली व्यंजने गळाल्यासारखे वादन अस्पष्ट होते. डेव्हिड बोवी यांचे गिटारवादक मिक रॉन्सन वाह अर्धवट उघडून तेथेच थांबवत. एकच स्वर धरून बोलणाऱ्या माणसाचा तो खास आवाज होता. बटणे कोठे ठेवायची याचे कोष्टक म्हणूनच अपुरे पडते. कोणत्या आवाजात बोलायचे हे आधी ठरावे लागते.

साहित्याच्या अभ्यासात आपण प्रभावाची चर्चा करतो तेव्हा नाव छापलेल्या पानापाशीच पुष्कळदा थांबतो. वाह पेडलवर मॅकॉय यांचे नाव छापले होते, पेटंटवर प्लंकेट आणि कुशनर यांचे, आणि ती नावे आपापल्या जागी खरीच आहेत. रबरी वाटी धरलेल्या हातांची नावे मात्र कोठल्याही पेटंटवर नाहीत. ती शोधायची तर जुनी ध्वनिमुद्रणे ऐकावी लागतात.