शीडगाडी की पतंगगाडी?

जहाजाला चाके लावून ते जमिनीवर हाकावे, हा विचार माणसाला फार पूर्वी सुचला. युरोपात दशांश अपूर्णांकांचा वापर रुजविणारा फ्लेमिश गणिती सायमन स्टेव्हिन याने इ. स. १६००च्या सुमारास ऑरेंजचा राजपुत्र मॉरिस याच्यासाठी एक प्रचंड शीडगाडी बांधली. नेदरलँड्समधील स्खेवेनिंगेन ते पेटेन या समुद्रकाठच्या वाळूवरून या गाडीने २८ प्रवाशांना सुमारे दोन तासांत नेले, अशी नोंद आहे. पुढे आंतरराष्ट्रीय कायद्याचा जनक म्हणून ख्याती पावलेला ह्यूगो ग्रोशियस हाही त्या प्रवाशांत होता.

सव्वादोनशे वर्षांनंतर इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉक या शाळामास्तराने निराळा मार्ग धरला. त्याने शिडाऐवजी गाडीपुढे पतंग जुंपले आणि १८२६ साली या ‘शारव्होलां’चे पेटंट घेतले. त्या काळी रस्त्यावरचा टोल घोड्यांच्या संख्येवर आकारला जाई. या गाडीला घोडाच नसल्याने नाकेदारांना टोल घेता येईना, असा किस्सा सांगतात. पोकॉकने आपल्या मार्था नावाच्या मुलीला खुर्चीत बसवून पतंगाच्या जोरावर आकाशात चढविले होते. हीच मार्था पुढे क्रिकेटमहर्षी डब्ल्यू. जी. ग्रेस यांची आई झाली. पतंगात माणूस उचलण्याची ताकद असते, ही गोष्ट त्या घरात प्रयोगाने सिद्ध झाली होती. पतंगगाडी घेऊ पाहणाऱ्याने ती आजही विसरता कामा नये.

स्टेव्हिन आणि पोकॉक यांच्या या दोन कल्पना आज दोन स्वतंत्र क्रीडाप्रकार म्हणून नांदत आहेत. बेल्जियममधील दे पान येथे द्यूमाँ बंधूंनी १८९८ साली शीडगाडीला खेळाचे रूप दिले. १९६२ मध्ये या खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. आधुनिक पतंगगाडीचे श्रेय मुख्यत्वे न्यूझीलंडमधील अ‍ॅशबर्टनचे पतंगकार पीटर लिन यांच्याकडे जाते. १९९०च्या सुमारास त्यांनी तयार केलेली पोलादी नळ्यांची, तीन चाकांची, जमिनीलगत बसण्याची गाडी जगभर पसरली. महासंघाच्या वर्गवारीत पतंगगाडीला आज आठवा वर्ग मिळालेला आहे. विशेष म्हणजे सुटी करून मोटारीच्या डिकीत मावणारी ‘ब्लोकार्ट’ ही छोटी शीडगाडीही न्यूझीलंडचीच. पॉल बेकेट यांनी ती १९९९ साली बनविली. नव्याने या छंदाकडे वळणाऱ्यापुढे बहुधा या दोनच गाड्यांपैकी एकीची निवड असते.

वरवर पाहता दोन्ही गाड्यांत साम्य बरेच आहे. दोघींना तीन चाके असतात, बैठक जमिनीपासून वीतभर उंचीवर असते आणि इंजिन नसते. खरा फरक आहे तो वाऱ्याची ओढ कुठे पोहोचते यात. शीडगाडीत डोलकाठी सांगाड्यात रोवलेली असते. वारा शिडाला ढकलतो, शीड काठीला, काठी सांगाड्याला आणि सांगाडा चाकांना. माणूस या साखळीच्या बाहेर बसतो. त्याच्या हाती सुकाणू आणि शीड आवळण्या-सोडण्याचा एक दोर असतो. पतंगगाडीत मात्र ओढ आधी माणसाच्या हातात किंवा त्याच्या कमरेच्या पट्ट्यात येते आणि त्याच्या शरीरातून गाडीत उतरते. येथे डोलकाठीचे काम माणूसच करतो. पुढचे बहुतेक सगळे फरक या एका गोष्टीतून निघतात.

सुरुवात वेगापासून करू, कारण विचारणारे आधी तेच विचारतात. रिचर्ड जेन्किन्स या ब्रिटिश अभियंत्याने ‘ग्रीनबर्ड’ या शीडगाडीतून २६ मार्च २००९ रोजी अमेरिकेतील आयव्हनपा या कोरड्या सरोवरावर ताशी २०२.९ किलोमीटर वेग गाठला. डिसेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील गेर्डनर या खाऱ्या सरोवरावर ग्लेन अ‍ॅशबी यांनी ‘होरोनुकू’ या गाडीतून तो विक्रम ताशी २२२.४ किलोमीटरवर नेला. तेव्हा वाऱ्याचा वेग २२ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४० किलोमीटर होता. गाडी वाऱ्याच्या पाचपटीहून अधिक वेगाने धावली कशी, हा प्रश्न साहजिक आहे. लोकलच्या दारात उभे राहिले की हवा स्तब्ध असूनही तोंडावर वारा येतो. शीडगाडी वाऱ्याला आडवी धावू लागली की हा स्वतःच्या गतीने निर्माण झालेला वारा मूळ वाऱ्यात मिसळतो. शिडाला जाणवतो तो हा एकत्रित, अधिक जोरदार वारा. शीड विमानाच्या पंखासारखे काम करते आणि टणक जमिनीवर चाकांचे घर्षण कमी असल्याने वेग वाढतच जातो.

पतंगालाही हेच तत्त्व लागू आहे, पण त्याच्या दोऱ्या आणि फुगलेले कापड हवेला बराच अडथळा करतात. त्यामुळे वेगाच्या विक्रमात पतंगगाडी शीडगाडीच्या बरीच मागे राहते. वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे त्याच्या उगमाकडे, नागमोडी चढत जाण्यातही शीडगाडीच सरस ठरते. अर्थात हे झाले विक्रमवीरांचे. नवख्याला ताशी ४० किलोमीटरचा वेगही पुरेसा वाटतो. जमिनीला टेकून बसलेल्याला तो दुप्पट भासतो. निवड वेगावर करू नये, असेच जाणकारांचे मत पडेल.

जमीन कशी आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. ओहोटीनंतर उघडी पडलेली घट्ट, ओलसर वाळू, कोरड्या सरोवराचे तळ, जुन्या धावपट्ट्या, डांबरी पटांगणे ही शीडगाडीची राज्ये होत. लहान शीडगाडी तर मोठ्या वाहनतळाच्या रिकाम्या आवारातही फिरविता येते. मात्र भुसभुशीत वाळूत तिची चाके रुततात आणि छोट्या शिडाची ओढ अपुरी पडते. तेथे पतंगगाडी पुढे सरकते. रुंद, कमी हवेची फुगीर चाके लावली की ती कोरड्या वाळूतून आणि खुरट्या गवतावरूनही जाते. कारण मोठा पतंग हवेत गरगरा फिरविला की क्षणभर प्रचंड ओढ मिळते आणि रुतलेली गाडी सुटते. शिवाय पतंग २०-३० मीटर उंचीवर असतो. जमिनीजवळ झाडाझुडपांनी, टेकाडांनी अडवलेला वारा तेथे अधिक एकसंध वाहतो. झुळुकीवर चालणारी गाडी हवी असेल तर मोठ्या पतंगाला तोड नाही.

या बदल्यात पतंगाला मोकळे आकाश लागते. विजेच्या तारा, झाडे, इमारती, विमानतळाचा परिसर यांपैकी काहीही जवळ असेल तर पतंगगाडीचा विचारच नको. पतंग खाली पडला तर दोऱ्यांचा गुंता सोडविण्यात अर्धा तास जातो, हे वेगळेच.

मकर संक्रांतीला गच्चीवर वाढलेल्या मराठी वाचकाला वाटेल, पतंग तर आपल्याला येतोच! येथे सावध केले पाहिजे. आपला पतंग एका धाग्यावर उडतो आणि त्याची सारी कला ढील देण्यात व खेचण्यात असते. ओढीच्या पतंगाला ढील नावाची गोष्टच नाही; दोऱ्यांची लांबी ठरलेली असते. त्याला कामट्या नसतात. दोन थरांच्या कापडात समोरून हवा शिरून तो पॅराग्लायडरसारखा फुगतो. दोऱ्या सहसा चार असतात. दोन मुख्य, ज्यांवर सारा भार पडतो, आणि दोन मागच्या, ज्या ओढल्या की पतंग मंदावतो किंवा खाली बसतो. वारा जिकडे जातो त्या बाजूच्या आकाशात पतंग एका पाव गोलाच्या आत फिरतो. त्या गोलाच्या कडेला आणि माथ्यावर ओढ सौम्य, तर मधोमध, जमिनीलगत सर्वांत दांडगी असते. ही नजर आणि हात यांची सवय गाडीत बसण्यापूर्वी उभ्याने, लहान पतंगावर कमवावी लागते. हात न पाहता चालले पाहिजेत, कारण गाडीत बसल्यावर डोळे रस्त्यावर आणि पाय सुकाणूवर असतात. पतंगगाडीचे पुढचे चाक पायांनीच वळवायचे असते.

शीडगाडीचे शिक्षण त्यामानाने थोडके आहे. मध्यम वाऱ्यात, रिकाम्या पटांगणावर बहुतेक प्रौढ माणसे पहिल्याच दुपारी तिला पुढे नेऊन, वळवून परत आणू शकतात. दोर आवळला की वेग, सोडला की शीड फडफडते आणि गाडी मंदावते. ब्लोकार्टचे सुकाणूही हातानेच चालते, त्यामुळे पायांत बळ नसलेल्यांनाही ती हाकता येते. पतंगगाडीला हे साधत नाही. कुटुंबातील निरनिराळ्या वयाच्या, निरनिराळ्या क्षमतेच्या माणसांनी आलटून पालटून बसायचे असेल तर प्रश्न येथेच सुटतो.

धोका दोन्हींत आहे, पण त्याची जात वेगळी. शीडगाडीचा वाऱ्याकडचा मागचा टायर जोरात उचलला जातो आणि वेळीच दोर न सोडल्यास गाडी कलंडते. पट्ट्याने बांधलेला माणूस तिच्यातच राहतो. हात बाहेर न काढण्याची शिस्त पाळली तर बहुधा खरचटण्यावर भागते. तिचा मोठा दोष असा, की तिला तत्काळ थांबविता येत नाही. दोर सोडून ती वाऱ्याकडे वळवावी लागते आणि त्यासाठी जागा लागते. शिवाय ती आवाज करीत नाही. ब्रिटनमधील लिदम सेंट अ‍ॅन्स येथील किनाऱ्यावर २००२ साली शीडगाडीच्या धडकेने एका पर्यटक महिलेचा मृत्यू झाला आणि तेथे या खेळावर बंदी आली.

पतंगगाडीत अपघाताचा पहिला बळी स्वतः चालकच असतो. वाऱ्याचा अचानक झोत आला की पतंग त्याला गाडीतून उपटून वाळूवरून फरफटत नेतो. पतंग माथ्यावर असताना झोत आला तर तो सरळ उचलला जातो आणि पडतो तेव्हा खाली पाणी नसते, जमीन असते. यावर उपाय म्हणून मनगटाला बांधलेल्या पट्ट्या असतात. मुठी सोडताच या पट्ट्या मागच्या दोऱ्या खेचून पतंगाला निष्प्राण करतात. कमरपट्ट्याला झटक्यात सुटणारी खीळही असते. ही साधने नसलेला जुना पतंग स्वस्तात मिळतो म्हणून घेणे हा शुद्ध वेडेपणा होय. दुसरा धोका दोऱ्यांचा. ताण न खाणाऱ्या या बारीक दोऱ्या भार असताना कापतात. नायलॉन मांजाने गळे चिरल्याच्या बातम्या दर जानेवारीत वाचणाऱ्यांना याहून अधिक सांगायला नको. ३० मीटर लांबीच्या चार ताणलेल्या दोऱ्यांखालून कोणी चालत जाणार नाही, याची खात्री नसेल तेथे पतंग उडवू नये.

खर्चाचे गणित फसवे असते. पतंगगाडीचा नुसता सांगाडा शीडगाडीहून साधा आणि बहुधा स्वस्त असतो, परंतु एका पतंगावर भागत नाही. मंद वाऱ्याला मोठा, वेगवान वाऱ्याला छोटा, असे किमान दोन-तीन पतंग हळूहळू जमतात. पतंग उन्हाने, वाळूने, फाटण्याने झिजतातही. शीडगाडीलाही वाऱ्याप्रमाणे शिडे बदलावी लागतात (ब्लोकार्टची शिडे दोन, तीन, चार आणि साडेपाच चौरस मीटरची आहेत), पण एका मधल्या आकारावर बराच काळ निभावते. वाहतुकीचा विचार करता पतंग पाठपिशवीत मावतात आणि गाडी सुटी होते. सुमारे ३० किलोची ब्लोकार्टही पिशवीत जाते. स्पर्धेतील मोठ्या शीडगाड्यांना मात्र ओढगाडी आणि ठेवायला कोठार लागते. शहरातील सदनिकेत राहणाऱ्याने त्यांचा मोह धरू नये.

जागेचा प्रश्न उरतोच. डेन्मार्कमधील रोमो बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर दोन्ही गाड्यांसाठी मैलोगणती सपाट वाळू आहे. जर्मनीचा सांक्ट पेटर-ऑर्डिंग आणि बेल्जियमचा दे पान येथेही या खेळाची परंपरा आहे. परदेशी नातेवाइकांकडे जाणाऱ्यांनी तेथील क्लबमध्ये एखादा दिवस दोन्ही चालवून पाहावे. विकत घेण्याआधीची तीच उत्तम परीक्षा. कोकणात उन्हाळ्यातील दुपारचा समुद्रवारा किनाऱ्याला बराचसा आडवा येतो. कागदावर ही स्थिती आदर्श आहे, कारण जाता-येता दोन्ही वेळा वारा बाजूने मिळतो. प्रत्यक्षात आपले बरेच किनारे दोन डोंगरांच्या सोंडांमध्ये अडकलेले आणि आखूड आहेत. त्यांवर मच्छीमारांची जाळी वाळत असतात, होड्या ओढलेल्या असतात, सुटीच्या दिवशी मुले खेळत असतात. वेळाससारख्या ठिकाणी तर वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. तेथे कोणत्याच गाडीने जाऊ नये. इतरत्रही स्थानिक प्रशासनाची परवानगी आणि गावकऱ्यांची संमती आधी घ्यावी. गर्दीजवळ थोडी मोकळी जागा मिळालीच तर शीडगाडी एकवेळ चालेल, पतंगगाडी नाही.

जमीन टणक आहे, वेळ थोडा आहे, घरच्या सर्वांना बसायचे आहे, अशा वेळी शीडगाडी घ्यावी. वाळू मऊ आहे, वारा बहुधा मंद असतो, आकाश मोकळे आहे आणि गाडीत बसण्याआधी काही आठवडे नुसता पतंग हाताळण्याची तयारी आहे, त्याने पतंगगाडीकडे वळावे. पॅराग्लायडिंग किंवा पतंगाच्या जोरावर पाण्यात फळी चालविण्याचा खेळ पुढे शिकायचा असेल तर पतंगाचा हात तेथेही उपयोगी पडतो. घाईच्या स्वभावाच्या माणसाने मात्र पहिला पतंग मोठा घेऊ नये. त्याला दुकानदार नको म्हणत नाहीत.

गाडी कोणतीही असो, खारी वाळू चाकांच्या बेअरिंगचा काळ ठरते. घरी परतल्यावर त्याच संध्याकाळी सांगाडा गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, बेअरिंगना ग्रीस द्यावे. पतंग आणि शीड सावलीत पूर्ण सुकवून मगच घडी करावी. ओल्या घडीत बुरशी धरते आणि कापडाचे लेपन सुटू लागते. दोऱ्यांची लांबी अधूनमधून एकमेकींशी ताडून पाहावी. एक दोरी थोडी जरी आखूड झाली तर पतंग एका अंगाला ओढू लागतो आणि ते ध्यानात येते ते नेमके वेगात असताना.