एक्लेसिया : अथेन्सची सभा आणि एकट्याचा नकार

ख्रिस्तसभेसाठी नव्या करारात योजलेला ग्रीक शब्द म्हणजे 'एक्लेसिया'. गोव्यातील आपले बांधव प्रार्थनामंदिराला 'इगर्ज' म्हणतात. तो शब्दही लॅटिन व पोर्तुगीज भाषांच्या वाटेने याच मुळापासून आला. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरकारांनी इस्राएलाच्या मंडळीसाठी अनेक ठिकाणी हाच शब्द घेतला, हे आपण धर्मशिक्षणात सांगत असतो. परंतु त्यापूर्वी हा शब्द नगरराज्याच्या राजकीय सभेचा होता. इफिस येथील नाट्यगृहात जमलेल्या गोंधळी जमावालाही लूकने प्रेषितांच्या कृत्यांच्या १९ व्या अध्यायात हाच शब्द लावला आहे. ज्या नगरात या सभेला सर्वाधिक कीर्ती लाभली, त्या अथेन्समधील एका प्रसंगाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

अथेन्सची सभा प्निक्स नावाच्या टेकडीवर भरे. प्रौढ पुरुष नागरिक तेथे येत. गरीब-श्रीमंत प्रत्येकाला बोलण्याचा व मत देण्याचा अधिकार होता. स्त्रिया, गुलाम व परदेशी रहिवासी मात्र सभेबाहेर होते. सभेपुढील विषय ५०० जणांचे मंडळ तयार करी. त्यात दहा गणांपैकी प्रत्येकाचे ५० सभासद चिठ्ठ्या टाकून निवडले जात, आणि प्रत्येक गणाचे ५० जण वर्षाच्या एक दशांश काळ अध्यक्षीय समितीचे काम पाहत.

इ.स.पू. ४०६ मध्ये, स्पार्टाशी चाललेल्या दीर्घ युद्धाच्या अखेरच्या पर्वात, अथेन्सचे आरमार संकटात सापडले. तेव्हा नागरिकांबरोबर गुलामांनाही वल्ह्यांवर बसवून सुमारे तीस दिवसांत ११० जहाजे सज्ज करण्यात आली. आर्गिनुसी बेटांजवळ अथेन्सने मोठा विजय मिळविला. मात्र त्याची स्वतःची २५ जहाजे गेली. फुटलेल्या जहाजांना धरून राहिलेल्या खलाशांना वाचविण्याचे काम काही जहाजांकडे सोपविण्यात आले; परंतु वादळ उठले आणि ते माणसे बुडाली. विजयाची वार्ता आणि मृतांचा शोक ही दोन्ही एकाच वेळी नगरात पोहोचली.

त्या लढाईतील आठ सेनापतींपैकी सहा जण परत आले. त्यांत थोर नेता पेरिक्लीस याचा त्याच नावाचा पुत्रही होता. कालिक्सेनस नावाच्या सभासदाने असा ठराव आणला की, सर्वांचा निकाल एकाच मतदानाने लावावा. प्रत्येक आरोपीचा न्याय स्वतंत्रपणे व्हावा, हा नियम त्यामुळे मोडत होता. युरिप्टोलेमस याने कायद्याची आठवण करून देताच लोकांनी आरडाओरडा केला. लोकांना वाटेल ते करू न देणे हाच मोठा अन्याय, असे ते म्हणू लागले. अध्यक्षीय समितीने ठराव मतास टाकण्यास प्रथम नकार दिला, परंतु तिलाही आरोपी करण्याची धमकी मिळताच एकामागून एक सभासद नमले. एकच नमला नाही. तो सॉक्रेटिस होता. त्याचा नकार सभेला थांबवू शकला नाही. सहाही सेनापतींना देहान्त शासन झाले.

थोड्याच काळात लोकांना पश्चात्ताप झाला. ज्यांनी आपणास फसविले त्यांच्यावर खटले भरावेत, असे त्याच सभेने ठरविले. पण मेलेले परत आले नाहीत, आणि इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्सला स्पार्टापुढे शरण जावे लागले.

यावरून लोकशाही टाकाऊ आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. शरणागतीनंतर सत्तेवर आलेल्या तीस जणांनी त्याच सॉक्रेटिसाला सालामिसच्या लेओन नावाच्या निरपराध माणसास धरून आणण्याची आज्ञा केली. तो मुकाट्याने घरी निघून गेला. लोकशाही परत आल्यावर, इ.स.पू. ३९९ मध्ये, नागरिकांच्याच न्यायसभेने त्याला मृत्युदंड दिला. म्हणजे अनेकांची सत्ता असो वा थोड्यांची, त्याने अन्यायाला हात लावला नाही. त्याला आमच्या प्रभूची ओळख नव्हती. तरीही विवेकाची साक्ष त्याने आपल्या प्राणाहून मोलाची मानली.

आपल्या मंडळीचे नावही या सभेच्या नावाशी जोडलेले आहे. 'एक्लेसिया' झाल्याने कोणतीही सभा आपोआप पवित्र होत नाही, हे आपण जाणले पाहिजे. पिलाताच्या वाड्यापुढेही पुष्कळांचा आवाज एकच होता. पाळकमंडळाच्या बैठकीत एखाद्या शिक्षकाला काढावयाचे असते, एखाद्या कुटुंबाला दूर ठेवावयाचे असते. सर्वांचे हात वर जातात, आणि कोपऱ्यातील एक वृद्ध, "अगोदर त्याचे म्हणणे ऐकून घ्या," असे म्हणतो. त्या क्षणी अध्यक्षस्थानी बहुधा आपणच असतो. त्याला बसवून ठराव पुढे रेटणे सोपे असते. परंतु ज्याने आम्हांला एकत्र बोलाविले, तो नव्याण्णवांना सोडून एकाला शोधावयास निघालेला मेंढपाळ आहे. त्या वृद्धाला उभे राहू द्यावे आणि मतदानापूर्वी त्याचे ऐकावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.