तळटीप : जॉर्जो मोरांदी
जॉर्जो मोरांदी (1890–1964) : इटलीतील बोलोन्या येथे जन्मलेला आणि जवळजवळ सारे आयुष्य त्याच शहरात तीन बहिणींसह काढलेला हा चित्रकार मुख्यतः स्थिरचित्रे (टेबलावर मांडलेल्या निर्जीव वस्तूंची चित्रे) आणि निसर्गचित्रेच रंगवीत राहिला. 1930 ते 1956 या काळात तो तेथील कला अकादमीत अम्लरेखन, म्हणजे लेप दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेघा ओढून त्या आम्लाने कोरून घेण्याचे तंत्र, शिकवीत असे. बाटल्या-डब्यांवरची चकाकी जावी म्हणून तो काहींना बाहेरून मंद रंग देई, काही काचेच्या बाटल्यांत रंग ओती, आणि मांडणी पक्की राहावी म्हणून टेबलावरच्या कागदावर त्यांच्या बुडांभोवती पेन्सिलीने खुणा करी. त्याच्या करड्या, मातकट छटांना एकसुरी म्हणणे अन्यायाचे आहे. दोन बाटल्यांमधली फट जराशी कमी झाली तरी सारे चित्र बदलते, आणि ग्रिझाना या डोंगराळ गावाच्या निसर्गचित्रांत घरांच्या भिंतीही त्याने तितक्याच काटेकोरपणे एकमेकींना भिडवल्या आहेत. 1957 मध्ये साओ पाउलोच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्याला चित्रकलेचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. ग्रिझानाच्या नावाला 1985 मध्ये त्याचे नाव जोडण्यात आले.