रक्तपेशीतील तीन जाळी

दुर्ग जिल्ह्यातील भिलाई येथे ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहऱ्याच्या खनिजातील प्राणवायू काढून लोह मोकळे करणे, हे भट्टीचे कार्य. माणसाच्या रक्तातही लोह आहे. पण त्याचा धर्म निराळा. ते फुप्फुसात प्राणवायू घेते आणि अंगोपांगी तो पोहोचवून रिकामे होते. छत्तीसगढ व शेजारचा विदर्भ यांतील कित्येक कुटुंबांत मात्र हे रिकामे होणेच घातक ठरत आले आहे. त्याचे कारण तांबड्या रक्तपेशीतील एका जाळ्यात आहे.

या पेशीत जाळी एकच नाही. पहिले जाळे कोवळ्या पेशीचे. अस्थिमज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पेशीला विशिष्ट निळा रंग दिला, की तिच्यात नाजूक गुंफण दिसते. पेशीत उरलेले आरएनए रंगामुळे एकत्र गोळा होऊन ती उमटते. रक्तात आल्यावर दिवसा-दोन दिवसांत हा अवशेष नाहीसा होतो. अशा पेशी वाढल्या, की शरीर घाईने नवे रक्त घडवीत आहे, असे वैद्य समजतो.

दुसरे जाळे पेशीच्या आवरणाखाली पसरलेले असते. ज्या प्रथिनाचे ते विणलेले आहे, त्याला १९६८ साली स्पेक्ट्रिन हे नाव मिळाले. कोळ्याचे जाळे ताणले तरी फाटत नाही, तसेच हे. सात-आठ मायक्रॉन रुंदीची पेशी त्याच्या बळावर स्वतःहून अरुंद केशवाहिनीत दुमडून शिरते, बाहेर पडताच पूर्वरूप धारण करते आणि सुमारे १२० दिवस जगते.

तिसरे जाळे मात्र वैऱ्याचे. शिकागोचे वैद्य जेम्स हेरिक यांनी १९१० साली ग्रेनाडा बेटावरील एका विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्यासारख्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. प्राणवायू काढून घेतला की पेशी वाकतात आणि परत दिला की सरळ होतात, हे हान व गिलेस्पी यांनी १९२७ साली दाखविले. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनी दोष हीमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे सिद्ध केले. पुढे व्हर्नन इंग्रॅम यांनी तो नेमका हेरला : एका साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. बदल एवढाच, पण त्यामुळे प्राणवायू सुटताच रेणू एकमेकांना चिकटतात, चौदा पदरांचे ताठ तंतू बनतात आणि त्यांचे जाळे पेशीला आतून ताणते. वारंवार असे घडले, की आवरणाखालचे जाळेही कायमचे विकृत होते. मग प्राणवायू मिळूनही पेशी सरळ होत नाही. वाहिन्या तुंबतात, हाडांत असह्य कळा येतात. पेशी दहा-वीस दिवसांतच मरतात, म्हणून पहिल्या जाळ्याच्या कोवळ्या पेशी रक्तात दाटतात.

हा आफ्रिकी वंशाचाच रोग, असा समज बराच काळ होता. १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत या पेशी आढळल्या, तर १९५८ साली शुक्ला व सोळंकी यांनी नागपूरकडील नोंद 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. मातापित्यांपैकी एकाकडूनच दोष आलेल्या वाहकाला घातक हिवतापापासून संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली मांडले. हिवतापाच्या प्रदेशांत हा दोष का टिकला, त्याचा उलगडा यातून होतो.

वाहक सामान्यतः निरोगी असतो. दोन्ही मातापिता वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारांत एक. तेव्हा आजारी मुलाचा दोष एकट्या मातेच्या माथी मारण्यास शास्त्राचा काडीचाही आधार नाही. प्राथमिक चाचणी सोपी आहे. रक्ताचा थेंब ठराविक द्रावणात टाकला असता दोष असल्यास ते गढूळ होते आणि नळीमागील रेघा दिसेनाशा होतात. रोगी की वाहक, हे मात्र पुढील तपासणीच ठरविते. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट. हायड्रॉक्सियुरियाने अनेकांच्या वेदना कमी होतात.

भट्टीत लोह वितळविण्याची विद्या या मातीने आत्मसात केली. रक्तातील लोहाभोवतीचे जाळे तोडण्याचा आरंभ त्याहून साधा आहे : विवाहापूर्वी रक्त तपासणे, आणि उत्तर काहीही आले तरी त्याची लाज न बाळगणे.