तार, तलाव आणि काचेचा धागा

आमच्या बांधीला लागून जी सडक जाते, तिच्या कडेनं एका उन्हाळ्यात नाली खोदणं सुरू झालं. मी तणसाचा ढीग झाकून परत येत होतो. बाहेरगावची पोरं होती, डोक्याला दुपट्टे बांधलेली. मी विचारलं, "का बाप्पा, कायची नाली आहे? नळाची का?"

एक जण म्हणाला, "नाई जी मामाजी. इंटरनेट येनार हाये जमिनीतून."

मी हसलो. जमिनीतून पाणी येतं, मुंग्या येतात, साप येतो. इंटरनेट तर टॉवरवरून येतं असंच तोवर ठाऊक होतं. पण त्यांनी काळी नळी उलगडली, आणि संध्याकाळपर्यंत ती आमच्या धुऱ्याजवळून पुढच्या गावाकडे गेली. जागोजागी खुणेचे दगड गाडले. त्यातला एक अजून आमच्या वावराच्या कोपऱ्यात आहे.

आज ते आठवलं म्हणून मागचं सगळंच आठवायला लागलं. आमचं गाव लाखांदूर तालुक्यातलं, आणि लहानपणी खबर आमच्या गावात पायी येत असे. 1975 साली महाराष्ट्रात दहावीच्या नव्या पद्धतीची पहिली परीक्षा झाली. त्यानंतर एक-दोन वर्षांत मी दहावी झालो. तेवढंच शिक्षण. त्याच सुमाराच्या पावसाळ्यात नागपूरला माझा मोठा मामा वारला. घरून तार केली. तार तालुक्यापर्यंत लवकर आली असावी, पण पुढे नाल्याला पूर होता. टपालवाला पूर उतरायची वाट पाहून तिसऱ्या दिवशी आला. आई रोवणीला गेली होती. तिला बांधावर बोलावून मीच कागद वाचला, कारण घरात वाचता येणारा मीच. मामाची राखही तोवर निवली होती. चूक कुणाचीच नव्हती. नंतर कितीतरी वर्षं आई तारवाला दिसला की आधी खाली बसायची, मग विचारायची, कुणाची आहे म्हणून. ती तार 2013 च्या जुलैत देशातून कायमची बंद झाली. दीडशे वर्षांहून जास्त चालली होती.

मग फोन आला. 1984 साली सरकारनं सी-डॉट ही संस्था काढली, सॅम पित्रोदा त्यामागे होते. त्यांनी 128 लाईनचं छोटं एक्सचेंज तयार केलं, ज्याला थंड खोली लागत नव्हती, ऊन आणि धूळ सोसत होतं. 1986 मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला असं पहिलं बसलं. आपल्या देशातल्या खेड्याचा विचार करून केलेलं यंत्र, म्हणून ते खेड्यात टिकलं. आमच्याकडे एसटीडीचा पिवळा बोर्ड बाजाराच्या गावी लागला. रात्री दर कमी म्हणून लोक जेवण करून सायकलनं जात, आणि बोलताना डोळा घड्याळ-मीटरवर. मंडईच्या दिवसांत नाटक मंडळीला निरोप द्यायचा तरी तिथेच रांग लागे.

आता त्या काळ्या नळीची गोष्ट. ऑक्टोबर 2011 मध्ये केंद्र सरकारनं ठरवलं की देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर न्यायचा. खर्च 20 हजार कोटी, मुदत दोन वर्षं. 2012 मध्ये त्यासाठी वेगळी कंपनी काढली. योजनेचं नाव पुढे भारतनेट झालं. नळीच्या आत केसाएवढा काचेचा धागा असतो, त्यातून उजेड धावतो. उजेड काचेच्या भिंतीवर आदळून आतल्या आतच वळतो, बाहेर पडत नाही, म्हणून कोसच्या कोस जातो. तालुक्याच्या ठिकाणी मोठं यंत्र, ग्रामपंचायतीत लहान डबा, मधे हा धागा. पहिल्या टप्प्यात तो जमिनीखाली 1.65 मीटर खोल असावा असं माप होतं, म्हणजे पुरुषभर. पंचायतीला 100 एमबीपीएस मिळेल असं सांगितलं होतं.

दोन वर्षांचं काम लांबलं. पहिल्या एक लाख पंचायती डिसेंबर 2017 पर्यंत झाल्या असं सरकारनं जाहीर केलं. आमच्याही पंचायतीत डबा बसला. नारळ फुटला. पहिल्या दिवशी हिरवा दिवा लागला, तो बघायला आम्ही म्हातारे गेलो होतो. पुढे तो दिवा कधी हिरवा, कधी लाल, बहुतेक वेळ बंद. वीज गेली की बंद. खोलीची किल्ली ज्याच्याकडे तो गावाला गेला की बंद. पुढच्या गावात नालीच्या कामावर जेसीबी लागला आणि धागा तुटला, तर महिनोन्महिने बंद. कुणाला सांगावं तर प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव घेई.

इकडे सरकारचं सगळं काम मात्र त्याच वाटेनं यायला लागलं. 2017 ला कर्जमाफीचा अर्ज ऑनलाईन. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी, म्हणजे पटवारी यायच्या ऐवजी आपणच वावरात उभं राहून मोबाईलवर पिकाचा फोटो चढवायचा. धान विकायचा तरी आधी नोंदणी. आणि मशीनवर अंगठा द्यावा तर कास्तकाराच्या अंगठ्याच्या रेघा घासून गेलेल्या. मशीन म्हणते, हा माणूस तो नव्हेच.

त्याच 2021 च्या हंगामात माझी नोंदणी राहिली. पंचायतीत लाल दिवा. तालुक्याला गेलो तर रांग, आणि नंबर लागला तेव्हा सर्व्हर बंद. दुसऱ्या दिवशी धान कापणीला मजूर सांगितले होते, जाता आलं नाही. मुदत गेली. त्या साली साध्या धानाचा हमीभाव 1940 रुपये क्विंटल होता. मी 22 क्विंटल व्यापाऱ्याला 1500 नं दिला. हिशेब केला तर 9680 रुपये गेले. आमच्यासारख्या घरात तेवढ्यात पुढच्या हंगामाचं खत येतं. बायको काही बोलली नाही, पण त्या उन्हाळ्यात तिचं डोळ्याचं ऑपरेशन आम्ही पुढे ढकललं.

त्याच्या आदल्या वर्षी शाळा बंद होत्या, तेव्हा नात तलावाच्या पाळीवर जाऊन बसायची. तिथे एका झाडाखाली टॉवरची रेंज सापडायची. मी गुरं घेऊन तिच्या सोबतीला. तिथे बसून एक गोष्ट मनात आली.

भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. आमच्या कोहळी लोकांनी जुन्या काळात हे तलाव बांधले. पण तलाव बांधला म्हणजे काम संपलं असं कुणी समजत नव्हतं. पाळीवरची झुडपं काढणं, तुडूम उघडणं, पाट साफ ठेवणं, शेवटच्या बांधीला पाळीपाळीनं पाणी देणं, याला माणसं नेमलेली असत. 1951 मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली ते बरंच झालं, त्यातली वेठबिगारी आमच्या बापजाद्यांनी भोगली आहे. पण तिच्यासोबत पाट साफ ठेवणारा माणूसही गेला, आणि त्याच्या जागी कोण, हे कुणी ठरवलं नाही. पुष्कळ तलाव गाळानं भरले. तलाव भरलेला आणि शेवटची बांधी कोरडी, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

काचेच्या धाग्याचं तेच झालं. डबे मोजले गेले, दिवे मोजले गेले नाहीत. शिवाय पहिली मांडणी एका सरळ रेषेची होती. एका पाटावर दहा बांध्या असाव्या आणि पहिल्याच बांधीजवळ पाट फुटावा, तशी मागची सगळी गावं एकदम अंधारात. सरकारलाही ते कळलं असावं. 2022 मध्ये ती कंपनी बीएसएनएलमध्ये मिळवायचं ठरलं, आणि ऑगस्ट 2023 मध्ये सुमारे 1 लाख 39 हजार कोटींची सुधारलेली योजना मंजूर झाली. आता मांडणी गोल कड्यासारखी ठरली आहे, एका बाजूनं तुटलं तर उजेड दुसऱ्या बाजूनं येईल. दहा वर्षांची देखभाल त्यात धरली आहे. आणि धागा पंचायतीत न थांबता घरोघरी न्यायचा आहे, गावातल्याच पोरांच्या हातून.

आमच्या आळीत तशा एका पोरानं जोडणी द्यायला सुरुवात केली आहे. गावचाच असल्यानं बंद पडलं की त्याच्या घरासमोर जाऊन हाक मारता येते. गेल्या हंगामात नातीनं माझी धानाची नोंदणी ओसरीत बसून केली. दहा मिनिटं लागली. मी दोनदा विचारलं, "झालं का गा पोरी, खरंच?" ती म्हणाली, "झालं ना आबाजी. मेसेज आला, वाचा ना." चष्मा लावून वाचला. बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशनही एकदाचं झालं आहे.

तरी गावाच्या खालच्या टोकाला, जिथे भूमिहीन मजुरांची घरं आहेत, तिथे अजून धागा गेलेला नाही. महिन्याचे पैसे परवडत नाहीत. शेवटची बांधी तीच आहे, आणि तिच्या पाळीचं काय, हे मी येत्या ग्रामसभेत विचारणार आहे.

बाकी आमच्या कोपऱ्यातला तो खुणेचा दगड आता गवतात बुडतो. दर पावसाळ्याआधी मी विळ्यानं त्याच्याभोवतीचं गवत काढतो, आणि ट्रॅक्टरवाल्याला सांगतो, "तिकडून जरा जपून बाप्पा, खाली मागच्या गावाचा धागा आहे."