दिनविशेष : ३ डिसेंबर – भोपाळची ती रात्र आणि आपल्या घरातली औषधाची बाटली

आज ३ डिसेंबर. याच तारखेला जगात काय काय घडलं, ते बघू.

१९६७ : दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनमध्ये डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी माणसाचं हृदय दुसऱ्या माणसाला बसवलं. जगातली ही पहिलीच शस्त्रक्रिया. अपघातात गेलेल्या एका तरुणीचं हृदय तिच्या वडिलांनी देऊ केलं. पेशंट १८ दिवस जगला, पण वाट मोकळी झाली. भारतात १९९४ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये पहिलं हृदय प्रत्यारोपण यशस्वी झालं.

१९७१ : संध्याकाळी पाकिस्तानच्या विमानांनी आपल्या विमानतळांवर बॉम्ब टाकले आणि युद्ध पेटलं. १३ दिवसांत पाकिस्तानी फौज ढाक्याला शरण आली, बांगलादेश स्वतंत्र झाला.

१९८४ : २ तारखेच्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. ३ तारीख उजाडेपर्यंत रस्त्यांवर प्रेतं पडली होती. तिथं बनत होतं काय? पिकावर मारायचं कीटकनाशक. त्यासाठी लागणाऱ्या रसायनाच्या टाकीत पाणी शिरलं, टाकी तापली आणि सुमारे ४० टन वायू झोपलेल्या वस्तीत पसरला. हजारो माणसं गेली. तोंडावर ओलं फडकं धरलं तरी थोडा बचाव होतो, एवढंही लोकांना कुणी वेळेवर सांगितलं नाही.

१९९२ : इंग्लंडमध्ये मोबाईलवर पहिला एसएमएस गेला. मजकूर होता, 'मेरी ख्रिसमस'.

जन्म : देशाचे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद (१८८४), क्रांतिकारक खुदीराम बोस (१८८९).

स्मृतिदिन : खानदेशच्या शेतकरी कवयित्री बहिणाबाई चौधरी (१९५१). त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी ओव्या लिहून ठेवल्या म्हणून आज त्या आपल्यापर्यंत आल्या. हॉकीचे जादूगार मेजर ध्यानचंद (१९७९) यांचाही आज स्मृतिदिन.

आज जागतिक दिव्यांग दिनही असतो.

आता थोडं आपलं. भोपाळ लांब आहे, असं वाटतं. पण २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. सध्या हरभऱ्यावर घाटेअळीसाठी फवारणी चालू आहे. म्हणून एवढं ध्यानात ठेवा. नाक-तोंड बांधा, हातमोजे घाला. वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून फवारू नका. दोन-तीन औषधं मनानं एकत्र करू नका. रिकाम्या बाटलीत पाणी, तेल भरू नका. औषध पोरांच्या हाती लागेल असं ठेवू नका. कुणाला गरगरलं, मळमळलं तर घरगुती उपाय करत बसू नका. लगेच दवाखाना गाठा आणि औषधाची बाटली लेबलासकट सोबत न्या. डॉक्टरला विष कोणतं ते कळलं, की इलाज लवकर सुरू होतो.

भोपाळच्या लोकांना कुणी सांगितलं नाही. आपल्याला माहीत आहे. फवारणीला जाणाऱ्या मजुरालाही आज एवढं सांगा.